कारणात माणूस नको

जळगावच्या एका खासगी प्रसूतिगृहात मी नर्स होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्याकडे बाळंतपणं व्हायची तसे गर्भपातही व्हायचे. कायद्याने परवानगी होऊन बरीच वर्षं झाली होती. दवाखान्याला सरकारी मान्यता होती, प्रत्येकीचा केसपेपर असायचा, सगळं रीतसर होतं. तरी तो शब्द आमच्या तोंडून निघत नसे. आम्ही 'सफाई' म्हणायचो. बाया 'मोकळं करून द्या' म्हणायच्या. बाहेर बाकड्यावर बसलेला नवरा तर काहीच म्हणायचा नाही, छताच्या पंख्याकडे बघत बसायचा.

काम झालं की दोन-तीन तास बाईला खाटेवर झोपवायचं आणि घरी सोडताना सूचना द्यायच्या. गोळ्या कधी घ्यायच्या, ताप आला किंवा अंगावर जास्त गेलं तर लगेच यायचं, पंधरा दिवस नवऱ्यापासून लांब राहायचं. हे डॉक्टरीणबाईंनी ठरवून दिलेलं होतं. शेवटची सूचना मात्र माझी होती : घरी काय सांगायचं. त्यात मी तयार होते. एसटीत धक्का लागला. मोरीत पाय घसरला. उन्हाने उष्णता झाली. बाईचं घर, गाव, सासू कशी आहे ते बघून मी कारण द्यायचे आणि तिच्याकडून दोनदा वदवून घ्यायचे.

त्यात एक नियम होता. कारणात माणूस नको. एका बाईने घरी जाऊन सांगितलं होतं की सासूने भरलेला हंडा उचलायला लावला म्हणून पडलं. झालं! तिचे भाऊ आले, गल्लीत सासूला ओढून बाहेर काढलं, आणि आठ दिवसांनी ती बाई आमच्याकडे रडत आली, की आता काय करू. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगायचे, "एसटीला दोष द्या. एसटी भांडायला येत नाही." बाया त्या अवस्थेतही हसायच्या. मलाही आपण फार उपयोगाच्या आहोत असं वाटायचं.

मग माझीच वेळ आली.

मला एक मुलगा होता, एक मुलगी होती. मुलगी अकरा महिन्यांची, अजून अंगावर पीत होती. त्या उन्हाळ्यात सुट्टी काढून आम्ही सासरी गेलो. सासर धुळे जिल्ह्यात, शिरपूरकडचं एक गाव. घरी सासूबाई, धाकटा दीर आणि धाकटी जाऊ. सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणायचं, आम्हीही. जावेच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं.

तिथे मला सकाळच्या ओकाऱ्या सुरू झाल्या. पाळी चुकल्याचं मी अजून नवऱ्यालाही बोलले नव्हते, पण अक्कांनी दुसऱ्याच दिवशी ओळखलं आणि हौसेने शेजारी दोन घरी सांगूनही टाकलं. माझी सेवा जाऊ करायची. मला तेलकट वास सहन होत नव्हता, तर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि कैरीचं तिखट तेवढं ताटात द्यायची. दुपारी माझे पाय चेपायची, कमरेला कोमट तेल लावून द्यायची. "तुम्ही रोज दुसरीस्ना पाय धरतस, ताई," म्हणायची, "आज तुमना मी धरस." मुलीलाही तीच सांभाळायची. मी पंधरा दिवस आयतं खाल्लं.

जळगावला परत आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं की मला तिसरं नको. त्यामागे मोठी गोष्ट नव्हती. दोन पुरे होती, अंगात रक्त नव्हतं, नोकरी सोडायची नव्हती. नवऱ्याने दोन दिवस विचार केला आणि "तुझं तू बघ, मी आहे," म्हणाला. माणूस तसा बरा.

आमच्याच दवाखान्यात करायला मला लाज वाटली. हे आधी कबूल करते, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. जिथे मी रोज एखादीला "लाजायचं कशाला, बाई, कायदेशीर आहे," म्हणत होते, तिथल्या टेबलावर मला झोपायचं नव्हतं. आया काय म्हणतील, डॉक्टरीणबाई काय म्हणतील. म्हणून आम्ही धुळ्याला गेलो, जिथे आम्हाला कोणी ओळखत नव्हतं. नवऱ्याने कागदावर सही केली. खरं तर सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागतच नाही, पण तेव्हा सगळीकडे घेत, आम्हीही घ्यायचो. संध्याकाळच्या एसटीने परत आलो. पारोळ्याला एसटी थांबली तेव्हा मी रसवंतीवर उसाचा रस प्यायले. मला रडू आलं नाही, आजही येत नाही. त्या गोष्टीचा मला पस्तावा नाही.

राहिलं होतं ते घरी कळवणं. अक्का गावभर सांगून बसलेल्या. मी नवऱ्याला आंतर्देशीय पत्र घ्यायला लावलं आणि मजकूर सांगितला. पलंगावर पडून सांगत होते, थकले होते, आणि इतक्या बायांना इतकी कारणं दिलेली असल्यामुळे फार विचारही केला नाही. 'गावाहून आल्यापासूनच हिच्या पोटात दुखत होते. इलाज केला, परंतु राहिले नाही. आता तब्येत ठीक आहे. काळजी नसावी.'

गावाहून आल्यापासून. एसटीचा धक्का म्हटलं असतं तरी चाललं असतं. दुसऱ्या कोणत्याही बाईला मी तेच सांगितलं असतं.

श्रावणात आम्ही कानबाईला गावी गेलो. आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसवतात. तिच्या नैवेद्याला रोट म्हणतात. रोटाचे गहू मापाने घेत नाहीत. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ काढतात, ते वेगळे दळतात, आणि तो रोट फक्त भाऊबंदकीतले खातात, बाहेरच्याला देत नाहीत. आमच्या सासरी आणखी एक पद्धत होती. घरात सून गरोदर असली तर पोटातल्याच्या नावानेही मूठ काढायची.

मूठ काढायच्या दिवशी भाऊबंदकीतल्या सात-आठ बाया ओसरीवर जमल्या होत्या. अक्का सूप घेऊन बसल्या. आबांच्या, म्हणजे माझ्या वारलेल्या सासऱ्यांच्या नावाने देवाला हात जोडले, मग मोठा मुलगा, धाकटा मुलगा, नातू असं म्हणत मुठी टाकल्या. पुढची मूठ भरली आणि हात तसाच राहिला. सगळ्या बघत होत्या. अक्कांनी ती मूठ परत पोत्यात सोडली.

जाऊ शेजारी बसून गव्हातले खडे निवडत होती. अक्का तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "तू ऊठ आठून. तुना हात नको लागू दे."

जावेला कळलंच नाही. "मनं काय चुकनं?"

"काय चुकनं म्हणस? पंधरा दिन हिना आंगले तुनाच हात. कमरले तेल कोन लाये? आठून गयी नि पोट दुखाले लागनं. चिठ्ठीमा लिखेल शे."

एक चुलत सासू लगेच म्हणाली, "सोतानं भरत नही, नि दुसरीनं देखवत नही."

जाऊ उठली. हातातले खडे तिने ओसरीच्या कडेला नीट ठेवले आणि आत गेली. दीर अंगणात होता. त्याने सगळं ऐकलं आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. मी तिथेच भिंतीला टेकून बसले होते.

दुपारी ती मला चुलीपाशी गाठून म्हणाली, "ताई, तुम्ही दवाखानामा काम करतस. तुमनं ऐकतीन अक्का. तुम्ही सांगा ना, तेल लाईसन असं व्हस का?"

एवढंच तिला माझ्याकडून हवं होतं. ते खरंही होतं, आणि सांगायला माझ्याइतकी योग्य बाई त्या घरात दुसरी नव्हती. मी बाहेर गेले आणि अक्कांना म्हटलं, "अक्का, तेल लावल्याने असं होत नसतं."

"मंग कसानी पडनं?" अक्का म्हणाल्या. "सांग. तू शिकेल शे."

मी म्हटलं, "होतं कधी कधी."

"व्हस कधी कधी," अक्का म्हणाल्या, आणि दुसरीकडे वळल्या. जाऊ दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, मी प्रयत्न केला पण जमलं नाही. माझे आभार मानल्यासारखी ती मान हलवून आत गेली. त्या मान हलवण्याची आठवण मला अजूनही नकोशी होते.

सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं. मंगळवारी जावेला माहेरी पाठवलं. "आठ दिनस्करता," असं सांगून. तिचं माहेर साक्रीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, तिथे भाऊ आणि म्हातारी आई. आठ दिवसांचे दोन महिने झाले, मग दिवाळी गेली, मग संक्रांत. कोणी आणायला गेलं नाही. मी जळगावला माझं काम करत होते. रोज कोणाला ना कोणाला घरी सांगायचं कारण शिकवत होते आणि "कारणात माणूस नको" हेही सांगत होते. म्हणताना जीभ अडायची, पण म्हणायचे. घरी मी स्वतःला समजावत होते, की जावेला आणतील, आणायलाच हवं, हे असं किती दिवस चालणार.

पुढच्या ज्येष्ठात नवरा एकटाच गावी जाऊन आला. जेवताना सहज म्हणाला, "अक्का परवा मुलगी बघून आल्या. भावासाठी."

मी विचारलं, "आणि हिचं काय?"

"ती राहील माहेरी. नाहीतर दोघी राहतील. कायद्याने चालत नाही म्हणा, पण तिकडे कोण विचारतं."

मी म्हटलं, "मी उद्या जाऊन अक्कांना खरं सांगते."

तो म्हणाला, "आता? वर्ष झालं. आता सांगून काय मिळणार?" मग ताट बाजूला सारून म्हणाला, "बरं, सांग. पण माझी सही होती ते नको सांगू. भावाच्या समोर मी कसा उभा राहू?" त्याची लाज वेगळी आणि माझी वेगळी. तेवढं मी त्याच्यासाठी पाळलं. आज इथे लिहिते आहे तेवढंच.

मी गेले तेव्हा अक्का ओसरीवर पेरणीसाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी समोर बसले, चार शेंगा हातात घेतल्या आणि फोडता फोडता सांगितलं, की पडलं नव्हतं. मी धुळ्याला जाऊन डॉक्टरकडून काढून घेतलं. मला नको होतं. जावेचा काही संबंध नाही. चिठ्ठीतलं खोटं होतं.

अक्कांचा हात थांबला नाही. शेंग फोडायची, दाणे सुपात, टरफल बाजूला. पाच-सहा शेंगा झाल्यावर म्हणाल्या, "नवरानी करू दिधं?"

"मी त्यांना विचारलं नाही."

"हं." आणखी दोन शेंगा. "आनि वरीसभर माले काबरं नही सांगं?"

मी म्हटलं, "लाज वाटली."

"तुले लाज वाटनी," अक्का म्हणाल्या, "नि तिले मी काढी दिधी." त्यांनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता शिव्या मिळतील, आणि मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्या म्हणाल्या, "माले एकलीले सांगीसन काय व्हस? जेस्ना समोर तिले उठाडी, तेस्ना समोर सांग. कानबाईले. आनि मी म्हणस तठलगून तुले या घरना रोट नही."

उठवलं होतं ते अक्कांनी, आणि कारण पुरवलं होतं मी. आमच्यापैकी कोणाचं जास्त चुकलं, हा हिशेब आम्ही दोघींनी त्यानंतर कधीच केला नाही.

जावेला आणायला मीच गेले. साक्रीच्या पुढे एसटी सोडून दोन कोस पायी. ती भावाच्या ओसरीवर एका कोपऱ्यात राहत होती, अंथरूण गुंडाळून ठेवलेलं, बाजूला तिची पत्र्याची पेटी. तिची आई मला चहा देताना सारखी म्हणत होती, "नर्सबाई उन्यात, तुमना उपकार व्हयनात." मी चहा प्यायले. जावेला तिथे काही सांगितलं नाही. एसटीत बसल्यावर, खिडकीची जागा तिला देऊन, सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काढं ते काढं. तुमनं पोट, तुमनं तुम्ही देखा. पण तठे मी तुमले इचारं व्हतं, ताई. चुल्हापाशी."

"हो."

"वरीस लागनं तुमले."

धुळ्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. स्टँडवर मी भजी आणली, तिने घेतली नाही.

श्रावणात त्याच ओसरीवर, त्याच बाया. गव्हाचं पोतं उघडण्याआधी अक्का म्हणाल्या, "मोठीले काही सांगनं शे." मी उभी राहिले. टेबलावरच्या बाईला सांगावं तसं सरळ सांगितलं, वाक्यं मोजून तयार केली होती. 'गर्भपात' हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःबद्दल वापरला.

मग तीच चुलत सासू म्हणाली, "माय वं! आमले सांगे, तांबी बसाडा, तांबी बसाडा. नि सोता बसाडी नही!" मूल थांबवायला तांबी बसवून घ्या, असं मी गावी आले की त्यांना सांगायचे, ते खरंच होतं. दोघी-तिघी पदरात तोंड घालून हसल्या. कोणी "पाप" म्हणाली, कोणी "शिकेल बायास्नं असंच" म्हणाली. अक्कांनी जावेपुढे सूप सरकवलं आणि म्हणाल्या, "मुठी तू काढ." जावेने काढल्या. तिचा हात लहान होता, अक्का म्हणाल्या, "भरीसन काढ." मी दाराबाहेर उभी होते. मला त्या वर्षी रोट मिळाला नाही, पुढचीही दोन वर्षं नाही. मी मागितला नाही.

संध्याकाळी गोठ्यामागे मला ओसरीवरच्या त्या बायांतलीच एक गाठायला आली. तिला पाच मुलं. इकडेतिकडे बघून म्हणाली, "ताई, कितला म्हईना लगून करतस ते? नि मंग माणूस मरस का?" मी सांगितलं, किती महिन्यांपर्यंत करतात, कोणी करावं, कोणाकडे अजिबात जायचं नाही. तिने गावातच कोणाकडून तरी काडी घालून पाडून घ्यायचं ठरवलं होतं, ते बोलता बोलता कळलं. पुढच्या आठवड्यात ती जळगावला आली. तिला घेऊन जाऊ आली होती.

मुलगी बघायचं प्रकरण तिथेच संपलं. दिराने दुसरी केली नाही. जावेला मूल झालं नाही, पण तिला त्या ओसरीवरून पुन्हा कोणी उठवलं नाही.

दवाखान्यात मी माझी ती शेवटची सूचना बदलली. पूर्ण बंद केली असं म्हणणार नाही. ज्या बाईला घरी मार बसेल तिला मी त्यानंतरही एसटीचा धक्का देऊनच पाठवायचे, मला उगाच शूरपणा करायचा नव्हता. पण बाकीच्यांना सांगायचे, सांगायचं नसेल तर गप्प बसा, तो तुमचा हक्क आहे, आणि सांगायचंच तर गर्भपात केला म्हणा. मीही केलाय. हे ऐकून खाटेवरची बाई डोळे उघडून माझ्याकडे बघायची. मग तिचा खांदा जरा सैल पडायचा, हे मी पुष्कळदा पाहिलं.

नव्वदनंतरच्या त्या सगळ्या वर्षांत जाऊ गावाकडच्या बायांना घेऊन यायची. वर्षातून एक, कधी दोन. आपलं लुगडं सावरून बाकड्यावर बसायची, बाईला शेजारी बसवायची आणि केसपेपर काढायच्या आधी मला म्हणायची, "ताई, आधी तुमनं सांगा हिले." मी सांगायचे. रोजचं काम असल्यासारखं भरभर सांगायचे : दोन मुलं होती, तिसरं नको होतं, धुळ्याला गेले, संध्याकाळी परत आले, काही झालं नाही, बघा, समोर उभी आहे.

एकदा मी तेवढं सांगून पेन उघडलं. बाई एकदम तरुण होती, घाबरलेली, आणि बाहेर बरीच गर्दी होती. जावेने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं,

"नि मनं?"

मी पेन बंद केलं. त्या मुलीकडे वळले आणि चिठ्ठीत काय लिहिलं होतं तिथपासून सांगायला सुरुवात केली.